ट्रेकसाठी फर्स्ट एड नक्की कुठे आणि काय शिकायचं?

घाटवाटकरी
नमस्कार मंडळी. आमचा पुण्यातला मित्रमैत्रिणींचा ग्रुप आहे, कमर्शियल वगैरे नाही, पावसाळा सोडून घाटवाटा करतो. आता नवीन पोरं यायला लागलीत, घरचे आमच्या भरवशावर पाठवतात म्हणून मला हे नीट शिकायचंय. ऑफिसात एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, सीपीआर छान शिकवला, पण प्रत्येक गोष्टीचा शेवट "आणि अॅम्ब्युलन्स बोलवा" असाच. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत मधेच कोणाचा पाय मोडला तर १०८ ला फोन लावायला रेंज कुठून आणायची, आणि लागला तरी गाडी येणार पायथ्याच्या बेलपाड्यापर्यंत, तिथवर माणूस उतरवेपर्यंत आपणच आहोत. ते मधले तास सांभाळायला कुठे शिकवतात? आणि सापाचं विष ओढायचे पंप ऑनलाइन मिळतात, ते घ्यावेत का?

कातळकडा
तुला हवंय त्याला वाइल्डरनेस फर्स्ट एड म्हणतात. हॉस्पिटल तासाभराहून लांब असेल तर काय, इथूनच त्यांचं सगळं सुरू होतं. बेसिक कोर्स साधारण दोन दिवसांचा, आणि वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणजे ७०-८० तासांचा, आठ-दहा दिवस जातात. मसुरीच्या हॅनिफल सेंटरला हा मोठा कोर्स झालेला आहे, पुढच्या तारखा विचारून घे. ग्रुपमधल्या एकाने मोठा करा आणि बाकी सगळ्यांनी छोटा, कारण पडणारा लीडरच असला तर काय करणार?

पाय मोडला तर सरळ करायच्या भानगडीत न पडता आहे तसा आधार द्यायचा. कॅरीमॅट गुंडाळायची, बाजूने ट्रेकिंग पोल, वरून क्रेप बँडेज, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे हलता कामा नयेत. बांधायच्या आधी आणि नंतर बोटं बघायची, गरम आहेत का, रंग काय, स्पर्श कळतोय का. बोटं गार पडली, मुंग्या आल्या तर पट्टी सैल कर. हे सगळेच शिकवतात, पण पेशंटच्या अंगाखाली मॅट सरकवायचं बहुतेक जण विसरतात, आणि रात्री कातळावर पडून राहिलेला माणूस खालूनच गारठतो. उंचावरून पडलाय आणि मान किंवा पाठ दुखतेय म्हणतोय तर दरड पडायची भीती असल्याशिवाय हलवू नका, दोघांनी गावात जाऊन माणसं आणा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन सगळ्यांच्या फोनमधे आधीच सेव्ह हवी.

ओपीडीतली_ताई
पंप घेऊ नकोस दादा, अजिबात. विष त्याने निघत नाही, वर तिथलं मांस खराब होतं. चिरा मारणं, तोंडाने ओढणं, दोरीने आवळून बांधणं, सगळंच बंद. विशेषतः घोणस आणि फुरसं चावल्यावर करकचून बांधलं की तेवढ्याच जागेत नासाडी वाढते. करायचं एवढंच, घड्याळ अंगठी पैंजण लगेच काढायचे (सूज आली की निघत नाहीत), हात किंवा पाय मोडल्यासारखा आधार देऊन स्थिर ठेवायचा, चावल्याची वेळ लिहायची आणि चालवत न आणता उचलून आणायचं. साप मारून आणू नका, आपल्याकडचं अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) नाग मण्यार घोणस फुरसं चारींना एकच असतं. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, सकाळी पोटात दुखतंय म्हणतात आणि पापण्या मिटायला लागतात, म्हणून टेंटची चेन कायम बंद ठेवा.

कोकणात उतरत असाल तर लाल विंचू विसरू नका. त्याच्या विषावर प्राझोसिन नावाचं औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, त्याआधी कितीतरी पोरं दगावायची. घाम सुटून हातपाय गार पडले तर नुसत्या वेदनेची गोळी देऊन थांबू नका, हॉस्पिटल गाठा. आणि निघायच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा, अँटीव्हेनम आहे का, रात्री डॉक्टर असतात का. माझ्या मते किटमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा फोन मोठा.

माहुलीकर
उन्हाळ्याचं पण बघा. एप्रिलमधे माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ते नुसतं दमणं नसतं, सावलीत घेऊन कपडे सैल करून मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. आग्या मोहोळ उठलं तर मारत बसायचं नाही, तोंड झाकून लांब पळायचं, काटे नखाने लगेच खरवडायचे. ओठ सुजले, श्वास लागला तर एक मिनिट घालवू नका.

घाटवाटकरी
खूप आभार सगळ्यांचे. ताई, एक शंका, बांधायचं नाही म्हणालात पण ऑफिसच्या ट्रेनिंगमधे टूर्निके (हातपाय आवळून बांधायची पट्टी) शिकवला होता?

ओपीडीतली_ताई
तो रक्तस्रावासाठी, सापासाठी नाही. हातापायातून रक्त उसळतंय आणि जखमेवर जोर देऊन दाबूनही थांबत नाही, तेव्हाच. जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नको, रुंद पट्टी, वेळ लिहून ठेवायची आणि मधेच सैल करून बघायचं नाही. बाकी बहुतेक जखमांना न उचलता सलग दहा मिनिटं दाबून धरलं तरी पुरतं, लोक दर मिनिटाला उचलून बघतात म्हणून थांबत नाही.