विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या जागी सायकलवाट करावी का?

चाकोरी (धागा काढणारा)

मागच्या सप्टेंबरात जर्मनीतल्या आखेनहून सायकलने निघालो आणि तीन दिवस रमतगमत लक्झेंबर्गमध्ये पोचलो. 125 किलोमीटर. या वाटेला 'फेनबान' म्हणतात. 1880 च्या दशकात कोळसा आणि लोखंड वाहायला टाकलेली ही रेल्वे. आता रूळ गेले, त्या जागी डांबराची सायकलवाट आहे. गाड्यांना बंदी.

मी काही जातिवंत सायकलवाला नाही. पन्नाशी उलटली, गुडघा कुरकुरतो. पण आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे रेल्वेची वाट डोंगर गोंजारत वर जाते. शंभर मीटरला जेमतेम दोन मीटर. दलदलीच्या पठारावर जवळपास चारशे मीटर चढलो, आणि कळलं ते थंडी वाजायला लागल्यावर. एरवी दोन्ही बाजूंना गाईंची कुरणं आणि घराच्या छपराएवढी उंच, कातरलेली बीचची कुंपणं. ही कुंपणं वारा अडवायला पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. त्यांच्या आडोशाला गेलं की कानातला घूं आवाज एकदम बंद होतो.

आणखी एक गंमत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात ही रेल्वे बेल्जियमला मिळाली. त्यामुळे काही ठिकाणी डावीकडे जर्मनी, उजवीकडे जर्मनी आणि चाकाखालची पट्टी तेवढी बेल्जियम!

परत आल्यापासून डोक्यात आपली शकुंतला आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर 76. कापूस वाहायला टाकलेली नॅरोगेज. गाडी बंद, रूळ गवतात. तिथे अशी वाट का करू नये?

घाटवेडा

वाट करा, पण त्याला टूरिंग म्हणू नका. गाडी नाही, चढ नाही, चुकायची सोय नाही, दर दोन किलोमीटरला पाटी. ही सायकलवरची शतपावली झाली.

मी रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने गेलोय. दर खाडीला उतार, मग जीव काढणारा चढ, मग तर, म्हणजे फेरीबोट. आगरदांड्याला तरीची वाट बघताना एका मावशींनी सोलकढी पाजली आणि माझ्या सायकलला गिअर किती ते तीनदा विचारलं. रेल्वेची वाट गावाच्या पाठीमागून जाते. तुम्हाला लोकांची परसदारं आणि वाळत घातलेले कपडे दिसतात, गाव नाही दिसत.

दोनचाकी_आई

घाटवेडा, तुम्ही रस्त्याने एकटे जाता. मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जाते. प्रश्न चढाचा नाही, मागून येणाऱ्या डंपरचा आहे.

आम्ही सहा वर्षं आखेनजवळ राहत होतो. फेनबानवर माझी मुलगी माझ्या पुढे चालवायची. पुढे! पुण्यात मी तिला फुटपाथच्या बाजूला ठेवते आणि सगळा वेळ "डावीकडे, डावीकडे" ओरडत असते. तिथे मी गप्प होते. ती स्वतःशी गाणं म्हणत होती आणि मला ते ऐकू येत होतं. हे शतपावली असेल तर असू दे.

परसदारांबद्दल म्हणाल तर लोक खरे दिसतात ते तिथेच. पुढच्या दाराला सगळे रांगोळी काढतात.

कारंजेकर

राजेहो, एक सांगू का? तुम्ही सगळे ज्या जागेचं ठरवून राहिले, तिथल्या मान्साले कोणी विचारलं का?

शकुंतला आमच्या कारंज्यावरून जायची. लहानपणी मामाच्या गावी मी तिनंच गेलो. फाटकावर मानूस नव्हता. गाडी थांबे, गार्ड उतरून फाटक लावे, गाडी पुढं सरकली का फाटक उघडून पळत येऊन चढे. लोक हसत, पन गाडी जाये. गरिबाले परवडे. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. त्याच्या कोळशाचा कण डोळ्यात गेला का आई पदराले फुंकर मारून शेक देत जाये.

आमाले ब्रॉडगेज पायजे. तुमची वाट झाली का समजा गाडीचा विषय संपला. मंग कोनी मंत्री म्हनन, आता तं तिथं पर्यटन हाय, रूळ कुठं टाकू?

चाकोरी

कारंजेकर, बोलणं लागलं आणि बरोबरही आहे. पण वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे ना? यवतमाळला गाडी येतेच आहे.

कारंजेकर

येते. यवतमाळले येते, दारव्ह्याले येते, तिथून दिग्रस-पुसदकडे जाते. कारंज्याले? नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव हाय, गुरुमंदिरात बाराही महिने लोक येतात, सगळे एसटीनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं. समृद्धी महामार्गाचा फाटा हाय आमच्याजवळ, पन त्याच्यावर सायकल सोडा, मोटरसायकलले बी बंदी. नकाशा पाहून सांगत जा भाऊ.

चाकोरी

नकाशा पाहिला. चुकलो.

रूळप्रेमी

फेनबानची जी बाजू कोणी सांगत नाही ती मी सांगतो. तिथेही सायकलवाट होण्याआधी हौशी लोकांनी पर्यटकांसाठी गाडी चालवली होती. 2001 मध्ये ती थांबली, पुढे बहुतेक रूळ उचलले गेले. एकदा रूळ उचलले की परत कोणी टाकत नाही, तिथेही नाही, इथेही नाही. कारंजेकरांची भीती खरी आहे.

मात्र दोन्ही गोष्टी एकसारख्या नाहीत, हेही खरं. तिथे प्रत्येक घराच्या दारात मोटार आल्यावर रेल्वे मेली. इथे प्रवासी हयात आहेत, गाडी तेवढी मेली.

पाटकरी

तुम्ही विदर्भात भांडताय, आमच्याकडे अशी वाट केव्हाची आहे. नीरा डावा कालवा. इंग्रजांच्या काळातला. नीरेपासून बारामतीकडे त्याच्या भरावरून कच्चा रस्ता जातो. रेल्वेला चढ झेपत नाही म्हणता, पाण्याला तर अजिबातच नाही. पायडल न मारता सायकल पळेल असं नाही, पण दम लागत नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, मध्ये बाभळी आणि खंड्या. आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की पाण्याचा थंडावा पायाला लागतो.

सरकारचा एक पैसा नको. फक्त गाळपाच्या दिवसांत जाऊ नका. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून स्पीकर लावून येतो. त्याला ब्रेक आहेत की नाहीत हे चालवणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं.

घाटवेडा

आता हे टूरिंग झालं! याला माझं मत.

दोनचाकी_आई

ट्रॅक्टर आला की तुम्हाला टूरिंग वाटतं, तो भाग वेगळा. पण पाटकरी, कालव्याच्या कडेला कठडा आहे का?

पाटकरी

कठडा नाही हो ताई. लहान मुलीला घेऊन नका येऊ. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पंक्चरवाला_नाना

सगळं ठीक आहे, पण सावलीचं काय? अकोला, मूर्तिजापूर भागात मे महिन्यात पारा 44-45 वर असतो. फेनबानवरचं दुपारचं ऊन आपल्याकडे कार्तिकात सकाळी आठला पडतं. चालवायला मिळणार ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते की चाक मडगार्डमध्ये फिरायचं थांबतं. मग काडी घेऊन चिखल उकरत बसा. डांबर टाकलं तरी खाली तीच काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, डांबर तडकतं.

आणि काटे. बाभळीचा काटा टायरातून आरपार जातो, वर दिसतो एवढासा ठिपका. माझं आयुष्य त्यावर चाललं म्हणून तक्रार नाही.

शिवाय वाट केल्यावर मोटरसायकली येणारच. युरोपात आडवे खांब लावले की भागतं. आपला माणूस खांबाच्या बाजूने वावरातून नवी वाट पाडतो. पुण्यातले सायकल ट्रॅक बघा, सायकल सोडून सगळं उभं असतं.

चाकोरी

नाना, मोटरसायकल येईल म्हणून वाटच नको, हे मला पटत नाही. त्या न्यायाने फुटपाथही करू नयेत. शेतकरी जर त्याच वाटेने वावरात जात असेल, तर जाऊ दे. फेनबान ओलांडत ट्रॅक्टर जाताना मीही थांबलोच होतो.

पण रूळ उचलायचं म्हणणं मी मागे घेतो. रूळ राहू देत. बाजूला रेल्वेची जागा सुटलेली असेल तिथे आठ-दहा किलोमीटरचा तुकडा करून बघायला काय हरकत आहे? समजा कारंजा स्टेशनपासून. शाळेतली मुलं वापरतील. गाडी आली तर गाडी, वाट आहेच.

घाटवेडा

आठ किलोमीटर? तेवढं मी चहा प्यायला जातो.

दोनचाकी_आई

शाळा तुमच्या चहापेक्षा लांब असते कधी कधी.

कारंजेकर

बाजूनं करत असान तं माझं भांडन नाही. आमची पोरं शाळेत सायकलनंच जातात, हायवेच्या कडेनं, तेही ट्रकच्या धुराड्यात. पन कागदावर आधी गाडी लिहा, मंग वाट. उलटं नाही.

आन चाकोरी भाऊ, डिसेंबरात एक चक्कर मारा. मी फाटकापर्यंत संगं येतो. सायकल आनाची तं आना, पन बाभळी लय माजल्या हायेत, बरीच वाट खांद्यावर घ्या लागन.