अनुभव धागा: ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ पाहिलाय का?

जॉन फोर्डचा हा १९६२ सालचा वेस्टर्न परवा पुन्हा पाहिला. कायद्याची पुस्तकं घेऊन पश्चिमेला आलेला रॅन्सम स्टॉडर्ड (जेम्स स्ट्यूअर्ट), त्याला चाबकानं फोडणारा गुंड लिबर्टी (ली मार्व्हिन) आणि फक्त बंदूक मानणारा टॉम डोनिफन (जॉन वेन). ज्यांनी पाहिलाय त्यांनी आपला अनुभव लिहा. शेवट फोडायला हरकत नाही, साठ वर्षं झाली!

फौजदारीवाली: मी तालुका कोर्टात वकिली करते. द्वंद्वात लिबर्टीला स्टॉडर्डनं मारलं असं सगळे समजतात; पण स्टॉडर्डला वाचवायला गोळी खरं तर टॉमनं अंधारातून घातलेली असते आणि तो स्वतःच त्याला सरळ खून म्हणतो. तिथं मी दर वेळी पडद्याशी भांडते. अहो, दुसऱ्याचा जीव वाचवायला केलेला बचावही कायद्याला मान्य असतो. आपल्या जुन्या भादंविचं कलम ९७ हेच सांगतं. दबा धरून बसला होता यावर सरकारी वकील अडवणार, हे खरं. पण टॉमसाठी उभं राहता येतं. खरं कळल्यावरही उमेदवारी घेऊन पुढे सिनेटर झालेल्या स्टॉडर्डचा बचाव मला नाही जमायचा.

खादाड: मला स्टेकचा प्रसंग! लिबर्टी पाय आडवा घालून, वाढायला आलेल्या स्टॉडर्डला पाडतो, टॉमचं ताट जमिनीवर. दोघे बंदूकवाले त्या मांसाच्या तुकड्यावरून मरायला-मारायला तयार, आणि ॲप्रन घातलेला वकील वैतागून ते स्वतःच उचलतो.

रात्रशाळा: मी प्रौढांना शिकवायचो, त्यामुळे स्टॉडर्ड गावकऱ्यांना शिकवतो तो वर्गाचा प्रसंग लागला. कृष्णवर्णीय पॉम्पी (वुडी स्ट्रोड) स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणताना नेमका ‘सर्व माणसं समान’ इथे अडखळतो. स्टॉडर्ड म्हणतो, तेवढं बरेच जण विसरतात. पुढे त्याच पॉम्पीला गुत्त्यात दारू नाकारतात. फोर्ड त्यावर भाषण देत बसत नाही.

उशिरा_आलेला: मला नाही झेपला. पन्नाशी उलटलेला स्ट्यूअर्ट नुकताच वकील झालेला? आणि फोर्डच्या वेस्टर्नमधली ती नेहमीची मॉन्युमेंट व्हॅली कुठंय? जवळपास सगळं स्टुडिओत. मार्व्हिन मात्र जबरदस्त. बाकी, फौजदारीवाली ताई, टॉमकडून फी किती घेतली असती?

फौजदारीवाली: फी कुठली हो! मेल्यावर त्याच्या पायातले बूटसुद्धा अंत्यविधीवाल्यानं काढून घेतलेले. तरी वकीलपत्र घेतलं असतं.