प्रायश्चित्त 'घेणं' आणि प्रायश्चित्त 'असणं'

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू गुड फ्रायडेला गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चला जातात, यंदा मीपण गेले त्यांच्यासोबत. तिथे उपदेशात योहानाच्या पहिल्या पत्रातलं (२:२) एक वाक्य आलं, ते डोक्यातून जातच नाहीये. येशू आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त 'आहे'. आपण प्रायश्चित्त घेतो, करतो, फार तर भोगतो, पण एखादा माणूसच प्रायश्चित्त आहे असं मराठीत कोण म्हणतं? आणि तेही या जागी, जिथे १८९० मध्ये मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं! तिथे ज्याचा दोष त्यानेच घ्यायचं, हा आपला अर्थ. मग बायबलमधलं हे वाक्य भाषांतरात फसलंय का?

—

नाही ताई, फसलेलं नाही, मी ख्रिस्ती घरातलाच आहे म्हणून सांगतो. या प्रायश्चित्ताचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात बघा, वर्षातून एकदा दोन बकरे आणायचे, एक मारायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने, म्हणजे पुरोहिताने, दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची नि त्याला जिवंत रानात सोडायचं. म्हणजे पापं वाहून नेणारा बकरा मरतच नाही, आपला 'बळीचा बकरा' दोघांना एकत्र करून टाकतो. नव्या करारात याजक पण येशू आणि बळी पण येशूच, मग 'घेतो' लिहिलं तर पाप त्याचं ठरेल, 'देतो' लिहिलं तर तो नुसता भटजी होईल. 'आहे'च हवं.

मला खरी अडचण वाटते 'खंडणी'ची. मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू म्हणतो, पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी. ग्रीकमध्ये लुट्रोन, म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवायला भरायची रक्कम. जुन्या मराठीत खंडणी म्हणजे ठरवून भरायचा पैसा, त्यामुळे तेव्हा चाललं असेल, पण आता पेपरात खंडणी म्हटलं की गुंडच, आणि आमच्या संडेस्कूलची पोरं लगेच विचारतात, देवाने गुंडाला दिली का? प्रश्न बरोबरच आहे त्यांचा. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने सैतानाला दिली असंच म्हटलं होतं, पुढे अन्सेल्म या दुसऱ्या ख्रिस्ती विचारवंताने १०९८ च्या सुमाराला ते खोडून काढलं, सैतानाचं देणं कसलं, ऋण देवाचं होतं म्हणाला. मला अन्सेल्म पटतो, म्हणून मी पोरांना 'सुटकेची किंमत' असं सांगतो.

—

पटलं. काकूंना विचारलं खंडणीचं, त्या म्हणाल्या आम्ही घरात एवढंच म्हणतो, "माझं त्यानं भरलं."