सरपंचाला ‘बॉस’ म्हणावे काय?

धागाकर्ता (घाटंजी, यवतमाळ) :
ग्रामपंचायतीचा निकाल लागला की चौकात सरपंचांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात आणि हल्ली त्यांवर ‘भाऊ’ऐवजी ‘बॉस’ झळकतो. हा शब्द डच भाषेतील ‘बास’, म्हणजे धनी, यावरून आला आणि 17व्या शतकात डच वसाहतींबरोबर अमेरिकेत पोहोचला. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय मजुरांना गोऱ्या मालकाला ‘बास’च म्हणावे लागे. ज्याने ग्रामसभेपुढे बसून हिशेब द्यायचा, त्याला आपणच धनी ठरवावे, हे मला मुळीच पटत नाही.

प्रतिसाद (आर्वी, वर्धा) :
आपण अर्धाच इतिहास मांडला आहे. अमेरिकेत हा शब्द रुजला तो नेमक्या उलट भावनेतून. ‘मास्टर’ ही गुलामांच्या तोंडची हाक वाटत असल्याने तेथील स्वतंत्र मजुरांनी ती टाळून ‘बॉस’ स्वीकारला. शिवाय शब्द वापराने घडतो. आमच्याकडे जिनिंगवर कापसाची गाडी खाली होताना हमाल ट्रॅक्टरवाल्याला म्हणतो, ‘बॉस, जरा मागे घ्या.’ तेथे कोण कोणाचा धनी आहे?

धागाकर्ता :
ही पळवाट जेम्स फेनिमोर कूपर या अमेरिकन लेखकाने 1838 मध्येच दाखवून दिली होती : शब्द बदलला, पण अर्थ धनी हाच राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या राजकारणात विल्यम ट्वीड ‘बॉस ट्वीड’ म्हणून ओळखला गेला. ठेके आणि नोकऱ्या वाटून त्याने मते बांधली, सरकारी पैसा लुटला, 1873 मध्ये तो दोषी ठरला आणि 1878 मध्ये तुरुंगातच वारला. हमालाची हाक कोणालाही उद्देशून असते, ती वाऱ्यावर विरते. फ्लेक्सवरचा ‘बॉस’ मात्र एकाच माणसाच्या नावाला चिकटतो आणि पाच वर्षे टिकतो. माझा आक्षेप या दुसऱ्या वापराला आहे.

प्रतिसाद (धानोरा, गडचिरोली) :
आमच्या तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि गावाची घोषणाच आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. अशा गावात ‘बॉस’ कोणाला म्हणणार?

प्रतिसाद (आर्वी, वर्धा) :
फ्लेक्सपुरते मी आपले म्हणणे मान्य करतो. परंतु ‘भाऊ’ निर्दोष आहे, हे मान्य नाही. आमच्या पंचक्रोशीत ‘भाऊंना विचारून सांगतो’ म्हणत घरकुलांच्या याद्या ग्रामसभेआधीच ठरतात, म्हणून आपला आक्षेप त्या शब्दालाही लावावा, अशी माझी विनंती आहे.