मदत हवी आहे: शिकागोला २ तास १० मिनिटांत कनेक्टिंग फ्लाईट मिळेल का?

मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन डेन्व्हरला जातेय, मध्ये शिकागो ओहेअरला फक्त २ तास १० मिनिटं आहेत. तिकीट एकाच पीएनआरवर आहे त्यामुळे मी निवांत होते, म्हटलं बॅगा थेट डेन्व्हरलाच मिळतील. आता कळलं की अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच इमिग्रेशन, मग बॅगा बेल्टवरून उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या आणि परत जमा करायच्या, टॅग शेवटच्या एअरपोर्टचा असला तरी!! आणि वर परत सिक्युरिटी. आम्ही टर्मिनल ५ ला उतरणार आणि पुढचं विमान टर्मिनल १ वरून, म्हणजे मधे टर्मिनल बदलायची ट्रेन पण आली.

आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी व्हीलचेअर सांगितलीय. व्हीलचेअरवाला माणूस इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत एकच असतो का मधे बदलतो, आणि मला सोबत राहू देतात ना? तिला इंग्रजी जमत नाही, ऑफिसरने काही विचारलं तर ती नुसती हसेल :)

अजून एक, ड्युटी फ्रीतून परफ्युम घेतला तर १०० मिलीच्या वरचं असल्यामुळे दुसऱ्या सिक्युरिटीला अडवू शकतात, म्हणून बॅगा परत देतानाच तो चेक-इन बॅगेत टाकायचा विचार आहे, तिथे बॅग उघडायला वेळ मिळतो का?

अलीकडे कोणी गेलं असेल तर एकूण किती वेळ लागला ते सांगा प्लीज, नाहीतर मी आत्ताच पैसे भरून उशिराची फ्लाईट घेते.