तहान लागूनही पाणी का टाळतो आपण? (अनुभव धागा)

मंडळी, पाणी किती प्यावं याचे आकडे शोधले की सापडतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मते पुरुषांना दिवसाला २.५ लिटर, बायकांना २ लिटर, चार ते आठ वर्षांच्या मुलांना १.६ लिटर. यात चहा, दूध, ताक, जेवणातलं पाणी, सगळं धरलंय. हे आकडे मध्यम हवेसाठीचे, पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात जास्तच लागतं. पण पाणी समोर असूनही माणसं पीत नाहीत, त्यामागची कारणं फारशी कुणी लिहीत नाही. घरातले, शाळेतले, कामावरचे अनुभव इथे लिहा.

सिंहगड रस्ता, मुलगी चौथीत
रोज भरलेली बाटली तशीच परत यायची. रागावून झालं, तिच्या आवडीची नवी बाटली आणून झाली. लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा एका रात्री म्हणाली, "आई, शाळेतल्या बाथरूमला कडी नाहीये. दार धरायला मैत्रीण लागते, आणि बाई एकटीलाच सोडतात." म्हणजे पोरीने पाणी न पिऊन स्वतःपुरता तोडगा काढला होता! आम्ही काही आया मिळून मुख्याध्यापकांना भेटलो, कड्या बसल्या, मधल्या सुट्टीआधी सफाई होऊ लागली. आता बाटली रिकामी येते. पाणी मात्र घरून उकळूनच देते. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातापायांतली शक्ती जाणारा आजार) साथ आली, तेव्हापासूनची सवय. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, गॅसवर तासभर ठेवायची गरज नाही.

कोथरूड, प्राथमिक शिक्षिका
वरच्या ताईंचं अगदी बरोबर आहे. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, ते वाचून मीही वर्गात ठरावीक वेळी सगळ्यांना बाटल्या काढायला लावते. पहिली-दुसरीची मुलं खेळाच्या नादात तहान विसरतात, त्यांना आठवण लागतेच. पण पाणी पाजायचं आणि तासाला लघवीला सोडायचं नाही, हे चालणार नाही. माझ्या वर्गात मुलं न विचारता जातात. गोंधळ होईल असं सहकाऱ्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

लक्ष्मी रस्ता, साडीच्या दुकानात कामाला
मी फार लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहायचं. दुकानात बायकांची सोय नाही. मंडईकडे जावं लागतं, आणि गिऱ्हाईक असताना जाता येत नाही. म्हणून सकाळचा चहा आणि जेवताना दोन घोट, बस. सणाच्या गर्दीत तर तेही नाही. लघवीचा संसर्ग परत परत होतो. डॉक्टरीणबाई म्हणतात भरपूर पाणी प्या. पिऊन जाऊ कुठे?

सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास
अभ्यासिकेत आमचं सगळं चहावर आणि दुपारच्या शीतपेयावर चालतं. चहातलं पाणीही शरीराला मिळतंच, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न साखरेचा होता. शीतपेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो तेवढ्यातच बसवा. दुपारचं शीतपेय सोडलं, खोलीवर माठ आणला.

हिंजवडी
मुतखडा. पाणी किती प्यायलात हे मोजू नका, रोज २.५ लिटर लघवी झाली पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं. हिशोब सोपा झाला.

औंध
आमच्याकडे उलटं. सासूबाईंचं हृदय कमकुवत आहे, दिवसाला दीड लिटरची मर्यादा, आमटी-ताकासकट. येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने "आजी, पाणी प्या" म्हणतो आणि त्यांना नाही म्हणवत नाही. सकाळीच दीड लिटरची बाटली भरून ठेवतो. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं पाणी त्यातून काढायचं. तोंड कोरडं पडलं की चूळ भरायची नाहीतर बर्फाचा छोटा खडा चघळायचा. तोही हिशोबात धरतो.

धागाकर्ती
लक्ष्मी रस्त्यावरच्या ताई, तुमचं वाचून जीव तुटला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या दोन्हींची जबाबदारी मालकावर आहे. २०२५ पर्यंत दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना तो लागू होता, आता वीस किंवा जास्त असतील तर. जागा नसेल तर काही दुकानांनी मिळून एकत्र सोय केली तरी चालते. तुमच्याकडे किती जण आहेत?

लक्ष्मी रस्ता, साडीच्या दुकानात कामाला
चौदा, त्यात नऊ बायका. म्हणजे वीस भरत नाहीत, पण मागणी तर करू शकतो. शेजारच्या दोन दुकानांतल्या मुलींचंही हेच रडगाणं आहे. त्यांना उद्या हे वाचायला देते, आणि दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत सगळ्या मिळून मालकांकडे जातो.