डिस्ने वर्ल्डची सहल: वही सोबत न्यावी की घरी ठेवावी?

दांडियाबाजारची सून

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आम्ही पाच जण, म्हणजे मी, यजमान, सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी, फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला जाणार आहोत. न्यू जर्सीहून नणंद आणि तिच्या घरची मंडळी तिथे येऊन मिळतील. व्हिसा झाला, विमानाची तिकिटे झाली. आता घरात वाद उरला आहे तो एका वहीचा.

ही वही माझी. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, इथल्या, बडोद्याच्या मांडवीतल्या दुकानातून आणलेली, पूर्वी व्यापारी हिशेबाला वापरत तशी. कोजागिरीपासून मी तिच्यात लिहिते आहे. डाव्या पानावर एकेका खेळाचे नाव, त्याला लागणारी किमान उंची, तो उघड्यावर आहे की छपराखाली, आणि सासूबाईंना त्यात चढता-उतरता येईल का. उजव्या पानावर सकाळी, दुपारी, संध्याकाळी काय करायचे. डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी उद्याने आहेत, मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम, आणि त्या प्रत्येकाला मी वेगळ्या रंगाची शाई दिली आहे. यजमान म्हणतात, "दिवाळीत या चोपड्याचेही पूजन करून घ्यायला हवे होते." त्यांचे म्हणणे असे, की कमाटीबागेत जाताना आपण कधी वेळापत्रक नेले नाही, तरी मुले तिथून कधी कंटाळून परतली नाहीत.

त्यांच्या चेष्टेचे मला काही वाटत नाही. सलते ते वेगळेच. मागच्या वर्षी आम्ही एकतानगरला गेलो होतो. तिथे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याच्या आत वरून पाहण्याची जी गॅलरी आहे, तिच्या तिकिटावर ठरावीक वेळ असते. मुलगी पोषण उद्यानातल्या छोट्या आगगाडीत रमली होती आणि तिला आणखी एक फेरी हवी होती. मी घड्याळ पाहिले आणि तिला हाताला धरून अक्षरशः ओढत नेले. आम्ही वेळेवर पोहोचलो. आज तिला पुतळ्याबद्दल विचारले, तर "तिथे मी रडले होते," एवढेच सांगते.

म्हणून प्रांजळपणे विचारते. दुपारची आवराआवर झाली की वही उघडून बसण्यात मला जो आनंद मिळतो, तो खुद्द सहलीपेक्षा कमी असेल असे वाटत नाही. पण हा माझा छंद मी इतरांच्या गळ्यात तर मारत नाही ना? आणि अशा उद्यानांत नियोजन खरोखर किती लागते, व ऐन वेळी मनाला येईल तसे फिरण्याला किती वाव उरतो?

मकरपुऱ्याचे काका

ताई, कारखान्यात तीस वर्षे उत्पादनाचे वेळापत्रक आखण्यात गेली, त्यामुळे तुमच्या वहीशी माझे नाते जुने आहे. लेकाकडे गेलो असताना दोनदा डिस्ने वर्ल्ड पाहिले. एकदा आखणी करून आणि एकदा, सूनबाईंच्या आग्रहाखातर, अजिबात न करता. दुसऱ्या खेपेस पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत आमचे तीन खेळ झाले होते, आणि त्यातला एक म्हणजे बोटीत बसून बाहुल्या पाहणे.

त्यामागचे गणित सोपे आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला, तो रांगेच्या विषयात आजही पायाभूत मानला जातो: रांगेतली माणसे भागिले दर तासाला सुटणारी माणसे म्हणजे तुमचा थांबण्याचा वेळ. समजा, एक खेळ तासाला १,२०० माणसे बसवतो आणि रांगेत ९०० उभी आहेत, तर पाऊण तास. आता त्याच खेळाला पैसे भरून आगाऊ वेळ घेतलेल्यांची वेगळी वाट आहे आणि तासाच्या ७०० जागा तिकडे जातात असे धरा. साध्या रांगेला उरल्या ५००, आणि त्याच ९०० माणसांना पाऊण तासाऐवजी पावणेदोन तासांहून अधिक उभे राहावे लागते. खेळाची क्षमता एका माणसानेही वाढलेली नसते. फक्त थांबणे एकाकडून दुसऱ्याकडे सरकते.

ही वेगळी वाट १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा फुकट होती आणि यंत्रातून कागदी चिठ्ठी मिळत असे. २०२१ पासून तिला पैसे पडतात, आणि जुलै २०२४ पासून तीन खेळांच्या वेळा घरबसल्या आधीच निवडता येतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी आणि इतरांना त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सातला, ही निवड खुली होते. मे महिन्यात तिथले सकाळचे सात म्हणजे बडोद्याचे दुपारचे साडेचार, तेव्हा चहा घेता घेता काम उरकेल. पण तोवर नणंदेकडे पोहोचला असाल, तर गजर लावावा लागेल. थोडक्यात, तिथे नियोजन करणे ही तुमची खोड नाही, ते त्या जागेच्या रचनेतच बसवलेले आहे, आणि मला विचाराल तर जरा जास्तच बसवलेले आहे.

तरीही संपूर्ण दिवस आखू नका. सकाळी फाटक उघडल्यापासूनचे दोन तास काटेकोर ठेवा. रांगा तेव्हाच आखूड असतात आणि त्यांच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना अर्धा तास आधी आत सोडतात. दुपारचे पान मात्र कोरे सोडा. मेअखेरीपासून तिकडे दुपारी ढग गडगडू लागतात, आणि वीज चमकली की उघड्यावरचे खेळ बंद होतात. तुमचे उजवे पान निसर्ग स्वतःच खोडेल.

सासूबाईंसाठी एक नाव लिहून ठेवा: पीपलमूव्हर. १९७५ पासून चालू असलेली, उंचावरून सावकाश जाणारी उघडी गाडी. रांग बहुधा नसते, वारा लागतो आणि खाली धावपळ करणारी माणसे दिसतात. माझ्या सौभाग्यवती त्यात लागोपाठ तीनदा बसल्या. ते कोणत्याही वहीत नव्हते.

कारेलीबागेची मावशी

काकांचे गणित मान्य आहे, पण मी यजमानांच्या पक्षात आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्यानात गेलो होतो. आमच्याकडे वही ठेवतात ते आमचे हे. त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे कोष्टक छापून आणले होते, प्रत्येकाच्या खिशात एक प्रत. पोहोचलो, तर पहिलाच खेळ दुरुस्तीसाठी बंद. तिथून पुढचा प्रत्येक रकाना खाली सरकत गेला आणि त्याबरोबर यांचा आवाज वर चढत गेला. दुपारी एकच्या सुमारास मी माझी प्रत गुंडाळून तिची पुडी केली, तीत शेंगदाणे भरले आणि सासूबाईंना घेऊन एका कठड्यावर बसले. समोर उलटीपालटी होणाऱ्या गाडीतून माणसे उतरत होती. पाऊण तासात कोण हसत उतरते, कोण गंभीर होऊन उतरते आणि कोण एकच चप्पल घालून उतरते, हे आम्ही मोजले. तीन जण एका चपलेवर उतरले. सासूबाई अजून ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

पण माझी खरी तक्रार कोष्टकाबद्दल नाही, ती आधीच सगळे पाहून ठेवण्याबद्दल आहे. यांनी तयारी म्हणून मुलाला प्रत्येक खेळाची चित्रफीत फोनवर दाखवली होती. अंधाऱ्या बोगद्यातून गाडी जाताना शेजारची मुले किंचाळत होती आणि आमचे रत्न मला शांतपणे सांगत होते, "आई, आता डावीकडे वळेल, मग पाणी उडेल." पाणी उडाले. तो ओला झाला, पण चकित काही झाला नाही. तेव्हा सूनबाई, वेळा हव्या तेवढ्या लिहा, पण आत काय आहे ते मुलांना कळू देऊ नका.

फतेहगंजवासी

मानसशास्त्र शिकवत असल्यामुळे दोन अभ्यासांची भर घालतो. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांचा एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसे न जाणाऱ्यांपेक्षा जाण्याआधी अधिक आनंदी आढळली. परतल्यावर मात्र, अगदी निवांत सुट्टी झालेली माणसे सोडता, हा फरक जवळजवळ उरत नव्हता. म्हणजे कोजागिरीपासून आपण जे उपभोगत आहात, ते सहलीचे शिल्लक राहणारे सुख आहे असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा अभ्यास उलट बाजूचा. गॅब्रिएला टोनिएट्टो आणि सेलिन माल्कोक यांनी २०१६ मध्ये दाखवले की विरंगुळ्याला नेमकी वेळ ठरवली की तो कामासारखा वाटू लागतो. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी विद्यार्थ्यांना फुकट कॉफी आणि बिस्किटे दिली; काहींना ठरावीक वेळ दिली, काहींना दोन तासांची मुदत दिली. मुदतवाल्यांनी ती अधिक मजेने घेतली. आपल्या वहीत "११:४०" ऐवजी "नाश्त्यानंतर" असे लिहून पाहा. पुष्कळ फरक पडेल.

अलकापुरीची लेक

मी अशाच एका वहीवाल्याची मुलगी. बाबांची खिशात मावेल एवढी डायरी असे. १९८७ च्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला दिल्लीचे अप्पू घर दाखवले, तेव्हा ते सुरू होऊन तीनच वर्षे होत आली होती. फ्रंटियर मेल बडोद्याला किती वाजता येते, फलाटावर पुरी-भाजी कोठे मिळते, दिल्लीत बस कोणती, सगळे त्यात होते. बाबा स्वतः एकाही पाळण्यात बसले नाहीत; खाली उभे राहून आमच्या चपला आणि डायरी सांभाळत राहिले. मोठेपणी मला त्याचा राग यायचा. वाटायचे, माणूस एवढे आखतो आणि स्वतः खालीच उभा राहतो.

ते गेल्यावर डायऱ्या माझ्याकडे आल्या. त्यांत अकरा सहली होत्या. काश्मीर, रामेश्वर, दार्जिलिंग, एक तर थेट काठमांडूची. गाड्यांच्या वेळा, धर्मशाळांचे पत्ते, मुलांसाठी दुधाची सोय, इथपर्यंत. त्यांतल्या चारच आम्ही केल्या. उरलेल्या सात बाबांनी एकट्याने, रात्री जेवण झाल्यावर, दिव्याखाली बसून केल्या असणार. पानांच्या कडेला चहाचे डाग आहेत. आता राग येत नाही, पण त्या अप्पू घराच्या पाळण्यात ते शेजारी असते तर बरे झाले असते, एवढे वाटते.

तेव्हा वहिनी, वही खुशाल लिहा. ती तुमची आहे, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागायची गरज नाही. उद्यानात शिरल्यावर मात्र ती कोणाच्या तरी पिशवीत टाका आणि तुम्ही गाडीत बसा. धाकटीला उंचीमुळे बसता येत नसेल, तरी तुम्हा दोघांपैकी कोणी मुकण्याचे कारण नाही. तिथे अशी सोय आहे की आईवडिलांपैकी एकाने बाळापाशी थांबायचे, आणि दुसरा खेळून आला की पहिल्याने पुन्हा मोठ्या रांगेत न थांबता जायचे. फक्त दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते. हे तेवढे वहीत लिहाच.

आणि दशम्या न्या. बाहेरचे खाणे आत नेऊ देतात, काचेची भांडी मात्र चालत नाहीत.

दांडियाबाजारची सून

सर्वांची आभारी आहे. काकांचे पत्र यजमानांना वाचून दाखवले. "दुपारचे पान कोरे सोडा" या वाक्यावर त्यांनी टाळी दिली आणि "सकाळचे दोन तास काटेकोर" हे न ऐकल्यासारखे केले. मावशी, चित्रफितींच्या बाबतीत उशीर झाला आहे. मुलाने दोन पाहिल्या आहेत. उरलेल्या फोनवरून काढून टाकल्या.

फतेहगंजच्या सरांचे ऐकून उजव्या पानांवरच्या घड्याळाच्या वेळा मी खोडायला बसले. सोपे गेले नाही. हॉलिवूड स्टुडिओजच्या दिवशी नऊ वेळा होत्या, तिथे आता दोन आहेत. एपकॉटच्या दिवशी एक फटाके सोडून काहीच नाही, आणि ते पान पाहिले की मला अजून अस्वस्थ वाटते.

बाबांच्या सात सहलींबद्दल काय लिहावे ते कळत नाही. दोनदा वाचले.

काल रात्री धाकटीची उंची पुन्हा मोजली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आमच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, सगळ्यात खालची ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाची. सात बुटक्यांच्या खाणीतल्या गाडीला ९७ सेंटिमीटर पुरतात, ते तिचे केव्हाच झाले. अंधारात धावणाऱ्या स्पेस माउंटनला ११२ लागतात. ती भरली १११, आणि तेही टाच न उचलता, हे तिने देवाची शपथ घेऊन सांगितले. मी वहीत त्या नावापुढे फुली मारणार, तेवढ्यात यजमानांनी वही ओढून घेतली, माझीच हिरवी शाई उचलली आणि ११२ या आकड्याभोवती गोल काढून शेजारी लिहिले: "मे महिन्याला अजून पाच महिने आहेत. रोज दूध."